आंघोळ कुत्र्याची, धीर आपला

आज बचतीचं, हप्त्यांचं, बँकेच्या कागदांचं काही बोलणार नाही. आज बोलायचंय ते आपल्या दारातल्या कुत्र्याबद्दल. त्याची आंघोळ, त्याच्या अंगावरच्या गोचिड्या, त्याची नखं, त्याचे कान. आणि हे सगळं त्याला न घाबरवता, न बांधता, न मारता कसं करायचं, याबद्दल.

काही जणी म्हणतील, "अगं, हा काय रेडिओवर बोलायचा विषय झाला?" पण बघा, घरातल्या कुत्र्याला भाकरी कोण घालतं? आपण. ओट्यावर गोचीड चालताना दिसली की झाडू कोण घेतं? आपण. आणि कुत्रं घरातल्या पोराला चावलं तर पोराला कडेवर घेऊन दवाखान्यात कोण धावतं? तेही आपणच. मग विषय आपलाच झाला ना?

आपल्याकडे कुत्र्याची आंघोळ कशी होते ते सगळ्यांनी बघितलंय. रविवारी कुणाच्या तरी मनात येतं, "आज याला धुवून काढू." पोरं गोळा होतात. एक जण मान दाबतो, दुसरा मागचे पाय धरतो, तिसरा मोटारीची नळी सोडतो. कुत्रं केकाटतं, पोरं हसतात. सुटलं की ते जे पळतं ते रात्रीपर्यंत घरी येत नाही. पुढच्या महिन्यात नुसती बादली बघून ते पलंगाखाली जातं. त्याच्या पुढच्या महिन्यात ओढून काढायला गेलं की गुरगुरतं. आणि मग एक दिवस दात लागतो. त्या दिवशी सगळे म्हणतात, "कुत्रं चावकं झालं, याला लांब नेऊन सोडा." पण ते एका दिवसात चावकं झालेलं नसतं. तीन महिने ते आपल्याला काहीतरी सांगत होतं. आपण ऐकलं नव्हतं.

आता तुम्हाला तुमच्याच गोठ्यातली गोष्ट सांगते. म्हैस पान्हा चोरते म्हणतो ना आपण? धार काढायला अनोळखी माणूस बसला, शेजारी फटाका वाजला, कुणी काठी उगारली, की म्हैस दूध वर चढवते. कास भरलेली असते, पण थेंब उतरत नाही. याचं कारण तिच्या अंगात असतं. जनावर निवांत असलं की त्याच्या मेंदूतून एक रस सुटतो आणि त्यानं दूध उतरतं. घाबरलं की दुसरा रस सुटतो आणि तो दूध अडवतो. म्हणून तर आपण आधी पाठीवरून हात फिरवतो, समोर पेंड ठेवतो, नावानं हाक मारतो, मग कासेला हात घालतो. हे आपल्याला कुणी वर्गात बसवून शिकवलेलं नाही. आईला बघून शिकलो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करतो तेव्हाही तसंच. हळद-लोणी चोळताना कुणी बैलावर ओरडत नाही. मग हाच धीर कुत्र्याच्या वाट्याला का येत नाही? त्यालाही भीती तशीच वाटते. फरक एवढाच, की म्हैस घाबरली तर दूध चोरते, कुत्रं घाबरलं तर दात दाखवतं.

सोफिया यिन नावाच्या एक अमेरिकन पशुवैद्य होत्या. कुत्र्या-मांजरांना कमीत कमी ताण देऊन कसं हाताळायचं यावर त्यांचं एक जाडजूड पुस्तक २००९ साली निघालं. आता अनेक देशांतले पशुवैद्य त्या वाटेनं जातात. त्या सगळ्याचं सार आपल्या भाषेत सांगायचं तर असं, की जनावराला दाबून काम उरकलं तर आजचं काम होतं आणि उद्याचं अवघड होतं. धीरानं केलं तर आज वेळ लागतो, पण पुढची दहा वर्षं सोपी जातात.

कुत्र्याची बोली

आधी कुत्रं काय म्हणतंय ते कळायला हवं. गुरगुरणं हा त्याचा पहिला शब्द नाही. त्याच्या आधी ते बरंच काही बोलून झालेलं असतं.

तुम्ही जवळ गेलात आणि त्यानं तोंड बाजूला फिरवलं. खायला काही नसताना जिभेनं नाक-ओठ चाटले. झोप आलेली नसताना जांभई दिली. कान मागे पाडले, शेपूट पायात घातलं, एक पंजा वर उचलून धरला. डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसायला लागला. या सगळ्याचा अर्थ एकच, "मला हे नको वाटतंय."

त्यातही एक खूण फार महत्त्वाची. अंग चोरणारं, वळवळणारं कुत्रं एकदम गप्प झालं, दगडासारखं ताठ उभं राहिलं, तोंड मिटून घेतलं, तर आपण म्हणतो, "बघा, शहाणं झालं." ते शहाणं झालेलं नसतं. त्याची भीती टोकाला गेलेली असते. इथं हात काढून घ्यायचा आणि थांबायचं.

यानंतर येतं गुरगुरणं. आपल्याकडे गुरगुरलं की फटका बसतो. असं करू नका. गुरगुरणं म्हणजे कुत्र्यानं दिलेली शेवटची ताकीद. ताकीद दिली म्हणून मार बसला, तर ते ताकीद द्यायचं सोडतं. भीती मात्र तशीच राहते. पुढच्या वेळी ते न गुरगुरता थेट चावतं. न सांगता चावणारी कुत्री पुष्कळदा अशीच तयार झालेली असतात.

आणखी एक ध्यानात ठेवा. घाबरलेल्या जनावरापुढे वाटा दोनच असतात, पळून जायचं किंवा अंगावर यायचं. आपण त्याला खांबाला आखूड बांधतो तेव्हा पळायची वाट बंद करतो. मग उरते ती दुसरी. म्हणून आंघोळीला दोरी लागलीच तर ती हातात, सैल ठेवा. तोंड सुतळीनं आवळून बांधणं तर पार चुकीचं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकूनच ते अंग थंड करतं. उन्हात, झटापटीत तोंड बांधलं तर ते तापून दगावू शकतं.

आधी हात, मग पाणी

आता करायचं काय ते सांगते. पहिले आठ-दहा दिवस पाणी विसरा. रोज पाच मिनिटं काढा. कुत्रं खेळून, फिरून निवांत झालेलं असावं.

पहिले दोन दिवस फक्त मानेच्या बाजूला आणि खांद्याला हात लावा. तीन आकडे मोजा, हात काढा आणि घासभर खाऊ द्या. हात काढल्यावर ते जवळ सरकलं, अंग टेकवलं, तर "हं, चालू दे" म्हणतंय असं समजा. लांब गेलं तर जाऊ द्या. पुढे पाठ, मग पोट, मग कान. पंजे आणि शेपटी सगळ्यात शेवटी, कारण तिथं हात लावलेला कुत्र्यांना सहसा आवडत नाही. पंजा एकदम पकडू नका. खांद्यापासून हात घसरवत खाली आणा, क्षणभर धरा, सोडा, खाऊ द्या.

इथं एक बारकी गोष्ट आहे. हात आधी, खाऊ नंतर. उलटं केलंत, म्हणजे खाऊ दाखवून जवळ बोलावलं आणि मग पकडलं, तर कुत्रं खाऊलाच घाबरायला लागतं. रशियातले शास्त्रज्ञ पावलोव यांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कुत्र्यांवर हेच दाखवलं होतं. आधी आवाज, मग खाणं, असं पुन्हा पुन्हा केलं की नुसत्या आवाजानं कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. आपल्यालाही तेच साधायचंय. पंज्याला हात लागला की त्याला वाटलं पाहिजे, आता काहीतरी चांगलं मिळणार.

खाऊ विकतचा लागत नाही. भाकरीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, उकडलेलं अंडं, उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा, किंवा ताटलीला फासलेलं थोडं दही. ताटली चाटण्यात ते रमलं की आपले हात मोकळे. मात्र कांदा, लसूण, द्राक्षं आणि मनुका देऊ नका. कांदा-लसणानं कुत्र्याचं रक्त बिघडतं, द्राक्ष-मनुक्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. आपल्यापैकी काही जणींच्या दारात बेदाणा वाळत घातलेला असतो, त्यांनी हे जास्त ध्यानात ठेवा.

हाताची सवय झाली की त्याला आंघोळीच्या जागी नुसतं न्या आणि खाऊ देऊन परत आणा. मग रिकामा मग जवळ ठेवा. मग ओलं फडकं पाठीवरून फिरवा. मग थोडं पाणी फक्त पायांवर. एखाद्या दिवशी ते मागे हटलं तर आपणही एक पायरी मागे यायचं.

आंघोळीचा दिवस

लहान बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालताना आपण काय काय बघतो? पाण्यात कोपर बुडवून बघतो. वारं लागत नाही ना ते बघतो. बाळ घसरणार नाही असं धरतो. इथंही तेच.

जागा घसरडी नको. ओल्या शहाबादी फरशीवर किंवा टाइल्सवर कुत्र्याचे पाय घसरतात आणि अर्धी भीती त्या घसरण्याची असते. खाली गोणपाट किंवा जुनी चटई अंथरा. नळीचा जोराचा फवारा नको, मगनं हळू पाणी ओता. थंडीत पाणी कोमट, उन्हाळ्यात साधं. मग अंगाजवळ धरून ओता, म्हणजे आवाज कमी होतो आणि धार एकदम आदळत नाही. सुरुवात पायांपासून, मग पाठ. डोक्यावर पाणी ओतायचंच नाही. तोंड आणि कान ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचे. कानात पाणी राहिलं की कान सडतो आणि मग खरा ताप सुरू होतो.

साबणाचं सांगते. कपड्याचा साबण, धुण्याची पावडर, भांड्यांचा साबण काहीही लावू नका. आपला अंगाचा साबणसुद्धा रोजच्या वापराचा नाही. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा वेगळी असते. आपल्या साबणानं तिच्यातलं तेल निघून जातं, ती कोरडी पडते, कुत्रं खाजवत सुटतं आणि आपल्याला वाटतं, अजून मळ आहे. औषधाच्या दुकानात कुत्र्याचा शाम्पू मिळतो, तो थोडा घ्या आणि नीट धुवून काढा. तो नसला तर नुसतं पाणी आणि फडकं पुरतं. फिनेल कधीही नाही. ते कातडीतून अंगात जातं आणि अंग चाटताना पोटातही जातं.

एका वेळी दोन माणसं पुरेत. एक खाऊ देणारं, एक धुणारं. बाकीच्यांना लांब बसवा. आरडाओरडा नको, हसणंही नको. पाच-सात मिनिटांत आवरा. पाठ झाली आणि पोट राहिलं तर राहू द्या. सगळं एकाच दिवशी झालं पाहिजे असं कुठं लिहिलंय? शेवट मात्र कुत्रं निवांत असतानाच करा. वैतागेपर्यंत ताणलं तर त्याच्या लक्षात तेवढंच राहतं.

मग जुन्या साडीच्या किंवा टॉवेलच्या तुकड्यानं टिपून घ्या. बोटांच्या मधली जागा कोरडी करा, पावसाळ्यात तर आवर्जून. आखूड केसांच्या गावठी कुत्र्याला महिन्यातून एखादी आंघोळ पुष्कळ झाली. रोज दोन मिनिटं केस विंचरणं आंघोळीपेक्षा जास्त उपयोगी. मेलेले केस निघतात, आणि त्या निमित्तानं आपला हात अंगभर फिरतो. गाठ, जखम, गोचीड तेव्हाच कळते.

आता बऱ्याच घरी लांब केसांची पामेरियन किंवा जाड केसांची लॅब्रॅडॉर कुत्री आली आहेत. उन्हाळा आला की लोक त्यांची हजामत करून टाकतात. तसं करू नका. त्यांच्या केसांचे दोन थर असतात आणि ते उन्हापासूनही राखतात. विंचरून आतला मेलेला थर काढला की पुरे. केसांची जट झाली असेल तर मुळाशी बोटांनी केस घट्ट धरा आणि टोकाकडून थोडं थोडं सोडवा. मुळाशी धरलं की कातडी ओढली जात नाही. आपल्या लेकीची वेणी घालताना धरतो, अगदी तसंच.

गोचीड, लूत आणि घरगुती उपाय

आता सगळ्यात कामाचा भाग. गोचीड नुसती किळसवाणी नाही, ती आजार देते. गोचीडतापात कुत्र्याला ताप येतो, ते खात नाही, मलूल पडतं, हिरड्या पांढुरक्या होतात, कधी नाकातून रक्त येतं. वेळेत औषध मिळालं तर वाचतं. पण वेळेत कळायला हवं, आणि कळायला त्यानं अंगाला हात लावू द्यायला हवा. धीराचा सगळ्यात मोठा फायदा हाच. कुत्रं अंगाला हात लावू देत नसेल, तर कानातली गोचीड आपल्याला दिसणार कशी?

बघायच्या जागा सांगते. कानाच्या आत-बाहेर, पट्ट्याखाली मान, पुढच्या पायांच्या बगला, बोटांच्या बेचक्या, शेपटीच्या खाली.

काढताना हाताला प्लॅस्टिकची पिशवी घाला. बारीक टोकाच्या चिमट्यानं गोचीड कातडीच्या अगदी जवळ धरा आणि सरळ, सावकाश ओढा. हिसका नको, पिळणं नको. काडीनं चटका देऊ नका, रॉकेल लावू नका. त्यानं ती आतली घाण जखमेत ओकते. नखावर चिरडू नका, तिच्यातले जंतू आपल्या हाताला लागतात. स्पिरिटच्या बाटलीत टाका, नाहीतर चिकटपट्टीत गुंडाळून फेका. दोन-तीन काढल्या की थांबा, खाऊ द्या, बाकीच्या संध्याकाळी. जखम धुवा, आपले हात साबणानं धुवा.

आणि लक्षात घ्या, अंगावर दिसतात त्या थोड्याच. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्याची झोपायची जागा, भिंतीच्या भेगा, ओट्याचे कोपरे साफ करा, भेगा लिंपा, त्याचं अंथरूण उकळत्या पाण्यात धुवून कडक उन्हात घाला. नुसतं कुत्रं धुऊन गोचीड जात नाही.

आता हात जोडून सांगते. गाई-म्हशींवर मारायचं गोचिडाचं औषध अंदाजानं कुत्र्यावर ओतू नका. ते फार कडक असतं, त्याचं माप वेगळं असतं. कुत्रं ते चाटतं, लाळ गाळतं, थरथरतं, मरतंसुद्धा. कुत्र्याचं औषध मांजरालाही लावू नका. त्यातली काही औषधं मांजराच्या जिवावर बेततात. कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंब, गोळ्या, पट्टे मिळतात. त्याचं वजन सांगून पशुवैद्यांकडून घ्या. मानेवरचे थेंब टाकणार असाल तर आधी आणि नंतर दोन-तीन दिवस आंघोळ घालू नका, नाहीतर औषध वाहून जातं.

लूत लागलेल्या कुत्र्याला जळकं ऑइल फासायची पद्धत गावोगावी आहे. ती बंद करूया. गाडीच्या ऑइलमध्ये विषारी धातू असतात. कुत्रं ते चाटतं, कातडी भाजते आणि लुतीचे किडे आत तसेच राहतात. लुतीला आता चांगली औषधं आहेत आणि तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवायला फार खर्च येत नाही. काही प्रकारची लूत माणसालाही खाज देते, म्हणून पोरांना तोवर लांब ठेवा.

नखं आणि कान

मोकळं फिरणाऱ्या कुत्र्याची नखं रस्त्यावर झिजतात, ती कापावी लागत नाहीत. पण पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, वर, अंगठ्यासारखं एक नख असतं. ते जमिनीला लागत नाही, त्यामुळे झिजत नाही. वाढून गोल वळतं आणि मांसात रुततं. कुत्रं लंगडतंय, पाय चाटतंय, तर आधी तिथं बघा.

नखात आत रक्ताची नस असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्यात दिसत नाही. म्हणून तांदळाच्या दाण्याएवढं टोक तेवढं कापा. एका दिवशी एकच नख, मग खाऊ. चुकून रक्त आलं तर कॉर्नफ्लोअर लावून स्वच्छ फडक्यानं पाच मिनिटं दाबून धरा. आठ दिवस आधी नुसतं नेलकटर नखाला टेकवून खाऊ देत गेलात, तर कापायच्या दिवशी झटापट होणार नाही. नख मांसात रुतलंच असेल तर घरी हात लावू नका, दवाखान्यात न्या.

कानात काडी, केरसुणीची हीर, कापूस लावलेली सळई काही घालू नका. बाहेरून दिसतं तेवढं ओल्या फडक्यानं पुसा. कानाला वास येतोय, काळी घाण येतेय, कुत्रं सारखं डोकं झटकतंय, तर तो आजार आहे. दुखऱ्या जागी हात लावला तर सोशिक कुत्रंही चावेल. तो त्याचा राग नाही, दुखणं आहे.

पोरांसाठी दोन नियम

आंघोळ, गोचीड, नखं ही मोठ्यांची कामं. पोरांची उंची कुत्र्याच्या तोंडाएवढी असते. चावा बसला तर चेहऱ्याला, मानेला बसतो. पोरांनी कुत्र्याला मिठी मारू नये, ते जेवताना, झोपलेलं असताना, पिल्लांना पाजताना हात लावू नये. हा पहिला नियम. दुसरा, ते उठून लांब गेलं तर त्याच्या मागे जाऊ नये. एवढं पोरांना शिकवलं तरी निम्मे चावे टळतील असं मला वाटतं. गल्लीतल्या अनोळखी कुत्र्यांना तर आपणही आंघोळ घालायला जाऊ नये.

आणि इतकं करूनही दात लागला, नुसता ओरखडा उठला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची, तेल काही भरू नका. लगेच सरकारी दवाखान्यात जा, डॉक्टर सांगतील तेवढी सगळी इंजेक्शनं पुरी करा. कुत्रं घरचं आहे म्हणून थांबू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस वाचत नाही, पण वेळेत लस घेतली तर रोग होतच नाही. घरच्या कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस द्या आणि पुढे पशुवैद्य सांगतील तशी दरवर्षी. त्याचं कार्ड गटाच्या पासबुकासारखं जपून ठेवा.

मैत्रिणींनो, आपल्या दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रं धावतं. देवाजवळ जागा दिली, आता त्याला घराच्या अंगणात थोडा धीर देऊया. गटाच्या पुढच्या बैठकीत दहा मिनिटं या विषयाला ठेवा. कुणाकडे कुत्रं आहे, कुणाच्या कुत्र्याला लस झाली, कुणाच्या राहिली, याची यादी करा. गावात पशुसखी असेल तर तिला बोलवा. पाच-सहा घरांची कुत्री एकत्र असतील तर लसीकरणाची विनंती ग्रामपंचायतीकडे आणि दवाखान्याकडे गटाच्या नावानं करता येते. एकटीच्या अर्जापेक्षा गटाच्या अर्जाला वजन असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि आज संध्याकाळी एवढंच करा. भाकरीचा तुकडा घेऊन अंगणात बसा. कुत्रं जवळ आलं की खांद्यावर हात ठेवा, तीन मोजा, हात काढा, तुकडा द्या. उद्या पुन्हा. बादली अजून आठ दिवस मोरीतच राहू द्या.